‘रेझ’ कसं वापरायचं: बिल, तिकीट, हरकत, भांडवल आणि पगार

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपच्या अकाउंट्समध्ये मी नुकताच लागलो होतो. मराठी माध्यम, बी.कॉम., टॅली येत होतं, इंग्रजी वाचलेलं कळायचं, पण बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडायचा. तिसऱ्या दिवशी साहेब टेबलापाशी आले आणि म्हणाले, ‘‘हॅव यू रेझ्ड देअर बिल?’’ शाळेत पाठ केलं होतं, रेझ म्हणजे वाढवणे. मी घाबरून म्हणालो, ‘‘नाही सर, एक रुपयासुद्धा वाढवलेला नाही. पर्चेस ऑर्डरमध्ये होतं तेवढंच लावलंय.’’ साहेब क्षणभर बघत राहिले, मग हसून म्हणाले, ‘‘अरे बाबा, त्यांचं बिल काढलंस का, एवढंच विचारतोय.’’

त्यानंतरची बरीच वर्षं इन्व्हॉइस, पीओ (म्हणजे पर्चेस ऑर्डर) आणि ईमेल यांतच गेली. आता शनिवारी संध्याकाळी काही मुलामुलींना ऑफिसचं इंग्रजी शिकवतो, आणि दर बॅचला पहिला तास याच एका क्रियापदावर घालवतो. कारण हे एकटं क्रियापद अकाउंट्स, पर्चेस, आयटी, बँक, शेअर बाजार आणि एचआर अशा सगळ्या टेबलांवरून फिरतं, आणि दर टेबलावर त्याला मराठीत वेगळा शब्द लागतो. खालची इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. ती डोळ्यांनी वाचू नका, मोठ्यानं म्हणा.

पहिली पायरी: तोंडाला सवय

स्पेलिंग आर, ए, आय, एस, ई. पण शेवटी ‘स’ नाही. ‘माझा’, ‘तुझा’ म्हणताना जो ‘झ’ येतो, तो हवा. ‘रेस’ म्हणालात तर ऐकणाऱ्याला शर्यत आठवेल. आपल्या भाषेत हा झ आहेच, त्यामुळे मराठी माणसाला इथे अडायचं कारण नाही. अडतो तो स्पेलिंगमधला ‘एस’ बघून. भूतकाळी रूप ‘रेझ्ड’, एका दमात. ‘रेझेड’ नको.

जाता जाता एक गंमत. हुबेहूब याच उच्चाराचं दुसरं क्रियापद आहे, आर, ए, झेड, ई. त्याचा अर्थ इमारत जमीनदोस्त करणे. म्हणजे एका स्पेलिंगनं उभारायचं आणि दुसऱ्यानं पाडायचं. संगणकाचा स्पेलचेक दोन्ही बरोबर धरतो, त्यामुळे कंपनीनं भांडवल ‘रेझ’ केलं हे लिहिताना झेड पडला तर चूक आपल्यालाच पकडावी लागते.

दुसरी पायरी: राइझ की रेझ? उत्तर मराठीत आहे

इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं इथे अकर्मक-सकर्मक सांगतात आणि मुलं झोपतात. त्यापेक्षा आपल्या भाषेकडे बघा. पडणे आणि पाडणे. मरणे आणि मारणे. गळणे आणि गाळणे. टळणे आणि टाळणे. मधला स्वर लांबवला की आपोआप होणारी गोष्ट कुणीतरी मुद्दाम केलेली गोष्ट होते. फांदी पडते, फांदी कुणीतरी पाडतो.

राइझ आणि रेझ ही अगदी तशीच जोडी आहे. राइझ हा जुन्या इंग्रजीतला शब्द, रेझ उत्तरेकडून आलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून इंग्रजीत शिरलेला. त्या भाषेत तो ‘उठणे’वरून तयार झालेला ‘उठवणे’च होता. इंग्रजीत अशा आणखी जोड्या उरल्या आहेत: फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे झाड पाडणे, सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे बसवणे.

म्हणून अडलात की वाक्य आधी मराठीत म्हणा. ‘वाढले’ आलं तर राइझ. ‘वाढवले’ आलं तर रेझ. ‘उठला’ तर राइझ, ‘उठवला’ तर रेझ. ‘चढला’ आणि ‘चढवला’ यांचंही तेच.

राइझची रूपं वेडीवाकडी आहेत: राइझ, रोझ, रिझन. रेझ सरळ आहे: रेझ, रेझ्ड, रेझ्ड. ‘प्राइसेस हॅव रेझ्ड’ हे आपल्याकडच्या पत्रांत मला सर्वांत जास्त दिसणारं चुकीचं वाक्य. किमती वाढल्या, म्हणून ‘प्राइसेस हॅव रिझन’.

तिसरं भावंड ‘अराइझ’, म्हणजे उद्भवणे. अराइझ, अरोझ, अरिझन. ‘ॲन इश्यू हॅज अरिझन’ म्हणजे अडचण उद्भवली आहे. ‘ॲन इश्यू हॅज बीन रेझ्ड’ म्हणजे अडचण कुणीतरी मांडली आहे. पहिल्यात अडचण खरी असते. दुसऱ्यात ती खरी आहे की नाही, ते अजून ठरायचं असतं. ग्राहकाच्या तक्रारीवर घाईघाईत ‘अरिझन’ लिहिलंत, तर चूक आपली आहे हे तुम्ही चौकशीआधीच मान्य करून बसता.

दर वाढवण्याचं पत्र लिहिताना या जोडीचा चांगला उपयोग होतो. जे आपल्या हातात नाही त्याला राइझ लावा, जे आपण ठरवलं त्याला रेझ: ‘स्टील प्राइसेस हॅव रिझन सिन्स एप्रिल. वी देअरफोर हॅव टू रेझ अवर जॉब-वर्क रेट्स फ्रॉम द फर्स्ट ऑफ जुलै.’ स्टील वाढलं, दर आम्ही वाढवतोय. काही जण स्वतःच्या दरालाही ‘रेट्स हॅव रिझन’ लिहितात, जणू ते रात्रीतून पावसासारखे चढले. पर्चेसमधल्या मुरलेल्या माणसाला ती पळवाट लगेच कळते.

तिसरी पायरी: काय रेझ होतंय ते आधी बघा

मराठीत आपण बिल काढतो, शंका काढतो, कर्ज काढतो. भांडवल उभारतो. हरकत घेतो. प्रश्न उपस्थित करतो. तिकीट टाकतो. आवाज उठवतो. भुवया उंचावतो. हात वर करतो. इंग्रजीत हे सगळं एकट्या रेझवर चालतं. म्हणून ‘रेझ म्हणजे काय’ असा प्रश्न विचारूच नका. ‘रेझच्या पुढे कोणतं नाम आहे’ असा विचारा. वहीत लिहितानाही नुसतं क्रियापद लिहू नका, जोडी लिहा: रेझ ॲन इन्व्हॉइस, रेझ अ क्वेरी, रेझ फंड्स.

वाढवण्या-उंचावण्याचे अर्थ सोडले, तर ऑफिसातल्या बाकी वापरांत एक धागा सापडतो. गोष्ट रेझ झाली की दुसऱ्या कुणाला तरी काहीतरी करावं लागतं. इन्व्हॉइस रेझ झालं, त्याला पैसे द्यायचे आहेत. क्वेरी रेझ झाली, त्याला उत्तर द्यायचं आहे. तिकीट रेझ झालं, आयटीला बिघाड दुरुस्त करायचा आहे. तोवर ते फक्त आपल्या डोक्यात किंवा वहीत होतं. आता ते समोरच्याच्या टेबलावर जाऊन पडलं. त्यामुळे रेझ वापरताना प्रत्येक वेळी दोन गोष्टी सांगाव्या लागतात, कुणाकडे आणि कशाबद्दल. त्या राहिल्या की वाक्य व्याकरणात बरोबर असूनही काम होत नाही.

चौथी पायरी: इन्व्हॉइस, पीओ, डेबिट नोट

यावर जरा थांबू, कारण पैसे इथेच अडकतात.

‘रेझ ॲन इन्व्हॉइस’ हा बोलण्यातला आणि ईमेलमधला प्रयोग. कायद्यातला शब्द वेगळा आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 31 मध्ये टॅक्स इन्व्हॉइससाठी ‘इश्यू’ हे क्रियापद आहे. माल असेल तर तो हलवण्याच्या आधी किंवा हलवताना, आणि सेवा असेल तर साधारणपणे ती दिल्यापासून 30 दिवसांत इन्व्हॉइस ‘इश्यू’ करायचं. ऑफिसात दोन्ही शब्द एकाच अर्थानं चालतात, पण मी फरक पाळतो. टॅलीत तयार केलं ते रेझ. ग्राहकाच्या हाती गेलं ते इश्यू किंवा सेंड. ‘बिल रेझ झालंय’ असं सांगून चार दिवस ते आपल्याच फोल्डरमध्ये पडून राहिलेलं मी अनेकदा पाहिलंय. म्हणून ईमेलमध्ये नुसतं ‘वी हॅव रेझ्ड द इन्व्हॉइस’ लिहू नका.

असं लिहा: ‘वी रेझ्ड इन्व्हॉइस नंबर 114 ऑन 3 जून, अगेन्स्ट युअर पीओ नंबर 2207, फॉर फॉर्टी ब्रॅकेट्स. अ कॉपी इज अटॅच्ड. प्लीज कन्फर्म रिसीट.’ यात शब्दयोगी अव्ययांसारखे जे बारके शब्द आहेत, तेच खरे कामाचे. ‘अगेन्स्ट’ पीओशी जोडतो. ‘फॉर’ कशाचं बिल ते किंवा रक्कम सांगतो. ज्याच्यावर बिल काढलं त्याला ‘ऑन’ किंवा ‘टू’ लागतो: ‘द इन्व्हॉइस वॉज रेझ्ड ऑन युअर चाकण प्लांट.’ एकाच कंपनीचे दोन प्लांट असतील तर हा ‘ऑन’ विसरू नका, नाहीतर बिल एका गेटवर आणि माल दुसऱ्या गेटवर, आणि महिनाभर फोनाफोनी.

पीओ ग्राहक रेझ करतो, पुरवठादार नाही. ‘प्लीज रेझ द पीओ सो दॅट वी कॅन स्टार्ट’ हे वाक्य नम्र आहे आणि त्यात गोड धमकीही आहे. पीओशिवाय मशीन लावणार नाही, एवढंच ते सांगतं. तोंडी सांगितलेल्या कामावर जॉब सुरू करणाऱ्यांनी हे वाक्य चिकटवून ठेवावं. रिजेक्शन झालं, म्हणजे माल नाकारला गेला, की ग्राहक ‘डेबिट नोट’ (तेवढी रक्कम वजा करण्याची नोंद) रेझ करतो. ती आली की आपणही गप्प बसायचं नसतं, आपण ‘क्वेरी’ किंवा ‘डिस्प्यूट’ रेझ करायचा: ‘वी वुड लाइक टू रेझ अ क्वेरी ऑन डेबिट नोट नंबर 18. द रिजेक्टेड पीसेस हॅव नॉट बीन रिटर्न्ड टू अस.’

काय रेझ होत नाही तेही सांगतो. पावती इश्यू होते. चेक इश्यू होतो. पेमेंट ‘मेक’ किंवा ‘रिलीज’ होतं. रिपोर्ट सबमिट होतो. मीटिंग बोलावली जाते, म्हणजे कॉल किंवा शेड्यूल. एफआयआर लॉज, फाइल किंवा रजिस्टर होतो. ‘रेझ द पेमेंट’ लिहिलंत तर समोरच्याला वाटेल पैसे वाढवून मागताय, म्हणजे माझाच किस्सा उलटा.

पाचवी पायरी: प्रश्न, शंका, काळजी, हरकत

इथे रेझ तेच राहतं आणि पुढच्या नामाचा जोर वाढत जातो. चुकीचा जोर लावला की साध्या कामाचं भांडण होतं.

सर्वांत हलकं ‘क्वेश्चन’. मीटिंगमध्ये मुद्दाम मांडायचा प्रश्न असेल तरच तो रेझ करायचा. सहज विचारायचा असेल तर ‘आस्क’. त्यानंतर ‘क्वेरी’, म्हणजे शंका. आपल्या ऑडिटमध्ये आणि सरकारी टेबलावर हा शब्द सरसकट चालतो. अमेरिकन ग्राहकाशी बोलताना मात्र ‘क्वेश्चन’ म्हटलेलं बरं. ‘कन्सर्न’ हा मोठा उपयोगी शब्द आहे: मला काळजी वाटते, पण मी तुम्हाला चूक म्हणत नाही. ‘आय वुड लाइक टू रेझ अ कन्सर्न अबाउट द डिलिव्हरी शेड्यूल’ असं वरिष्ठांपुढेही निर्धास्त म्हणता येतं. ‘इश्यू’ म्हणजे अडचण दिसते आहे आणि ती सोडवायची आहे. ‘ऑब्जेक्शन’ म्हणजे हरकत. इथून पुढे कागद सांभाळून ठेवायचे. ‘डिस्प्यूट’ म्हणजे वाद. बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपमध्ये ‘रेझ डिस्प्यूट’ असं बटण दिसतं ते हेच. पैसे कापले गेले आणि समोर पोचले नाहीत, तर ते दाबायचं. नुसती चौकशी करायची असेल तर नाही.

हरकतीच्या बाबतीत एक कायदेशीर बारकावा छोट्या पुरवठादारांनी माहीत करून घ्यावा. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, 2006 नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला पैसे देण्याची मुदत लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. माल स्वीकारल्याचा दिवस म्हणजे सहसा डिलिव्हरीचा दिवस. पण खरेदीदारानं 15 दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली, तर पुरवठादार ती दूर करेल तो दिवस धरला जातो. म्हणजे ग्राहकाच्या एका ईमेलमधल्या ‘ऑब्जेक्शन’ या शब्दानं तुमचे दिवस मोजण्याची सुरुवात पुढे सरकू शकते. म्हणून ग्राहकाचा ईमेल मोघम असेल तर तिथल्या तिथे विचारून घ्या: ‘आर यू रेझिंग अ क्वेरी, ऑर अ फॉर्मल ऑब्जेक्शन टू द मटेरियल?’ बहुतेकदा उत्तर ‘जस्ट अ क्वेरी’ असंच येतं, आणि ते लेखी हातात राहतं.

या शब्दांबरोबरचे जोडशब्द पाठच करावे लागतात. क्वेश्चन, कन्सर्न यांना ‘अबाउट’. ऑब्जेक्शनला ‘टू’. ज्याच्यापुढे मांडायचं त्या माणसाला ‘विथ’: ‘आय हॅव रेझ्ड इट विथ अकाउंट्स.’ ‘रेझ टू मॅनेजर’ आपल्याकडे ऐकू येतं. ‘विथ’ची सवय लावा. आणि क्रियापदाच्या पुढे लगेच ‘अबाउट’ नको. ‘ही रेझ्ड अबाउट द इश्यू’ चूक, ‘ही रेझ्ड द इश्यू’ बरोबर. मराठीत आपण ‘त्यानं त्या विषयाबद्दल मांडलं’ म्हणतो, तो ‘बद्दल’ इंग्रजीत घुसतो.

वर्तमानपत्रात ‘हरकती व सूचना’ मागवणाऱ्या जाहिराती येतात. त्यातली हरकत रेझ होते, सूचना होत नाही. सजेशन ‘मेक’ करायचं. तक्रारीला, म्हणजे कम्प्लेंटला, ‘मेक’, ‘फाइल’, ‘लॉज’ जुने आणि पक्के. पण ॲपवाल्यांनी ‘रेझ अ कम्प्लेंट’ इतकं रुळवलंय की त्याला आता चूक म्हणण्यात अर्थ नाही. संसदेतही हे क्रियापद आहे. लोकसभेच्या कामकाजाच्या नियम 377 खाली खासदार जे विषय मांडतात, ते इंग्रजीत ‘रेझ’च केले जातात. आपल्या विधानसभेच्या बातमीत ‘मुद्दा उपस्थित केला’ वाचाल तेव्हा मनात त्याचं इंग्रजी करून बघा, फुकटचा सराव होतो.

सहावी पायरी: तिकीट

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात. प्रिंटर बंद, पासवर्ड विसरला, सिस्टिम हळू चालते. आयटीकडे जी नोंद करायची तिला तिकीट म्हणतात, आणि ती रेझ, लॉग किंवा ओपन करतात. ‘आय हॅव रेझ्ड अ तिकीट विथ आयटी’ एवढं म्हणून सोडू नका, नंबर सांगा. विषयाच्या ओळीत ‘अर्जंट’ लिहून उपयोग नसतो, सगळेच लिहितात. काय बंद आहे, कधीपासून, आणि त्यामुळे कोणाचं काम अडलंय ते लिहा.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना हे क्रियापद आणखी एका ठिकाणी भेटतं. पायथनमध्ये कोडनं स्वतःहून चूक जाहीर करायची तर ‘रेझ’ हाच शब्द लिहावा लागतो. जावामध्ये त्याच कामाला ‘थ्रो’. पायथनवालेही अडचण टेबलावर ठेवतात, जावावाले ती फेकतात.

सातवी पायरी: पैसे उभारणे

फंड्स, कॅपिटल, मनी, फायनान्स, लोन, डेट: हे सगळं रेझ होतं. मराठीत भांडवल उभारणे आणि कर्ज काढणे. इथे कुणी रेझ केलं हे अचूक सांगावं लागतं, आणि बातम्या इथेच घसरतात.

मे 2022 मध्ये एलआयसीचा आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, आला. सुमारे 20,500 कोटी रुपये जमले. ‘एलआयसी रेझ्ड…’ असं वाक्य पुष्कळांनी लिहिलं. पण तो पूर्णपणे ऑफर फॉर सेल होता. सरकारनं आपल्याकडचा साडेतीन टक्के हिस्सा विकला आणि पैसे सरकारकडे गेले, एलआयसीकडे नाही. म्हणून नेमकं वाक्य असं: ‘द गव्हर्नमेंट रेझ्ड मनी बाय सेलिंग अ स्टेक इन एलआयसी.’ कंपनी स्वतः नवे शेअर काढते, म्हणजे फ्रेश इश्यू असतो, तेव्हाच ‘द कंपनी रेझ्ड’. आयपीओचं माहितीपत्रक वाचताना फ्रेश इश्यू किती आणि ऑफर फॉर सेल किती हे आकडे शोधा. रेझचा कर्ता कोण, ते तिथे ठरतं.

छोट्या धंद्याच्या पातळीवर: ‘वी आर प्लॅनिंग टू रेझ फिफ्टी लॅक्स फॉर अ सेकंड सीएनसी मशीन.’ बँकेच्या मॅनेजरसमोर हे वाक्य ‘वी वाँट मनी’पेक्षा बरं ऐकू येतं, कारण त्यात ‘फॉर’ आहे आणि मशीनचं नाव आहे. परदेशी ग्राहक असेल तर ‘लॅक्स’ऐवजी ‘फाइव्ह मिलियन रुपीज’ म्हणा.

आठवी पायरी: दर वाढवणे, आणि बाय-टू-फ्रॉमचा हिशेब

शेवटी शाळेतला अर्थ. पण तोही सगळीकडे चालत नाही. कुणीतरी निर्णय घेऊन जे वर नेतो त्याला रेझ शोभतं: प्राइसेस, रेट्स, टॅक्सेस, वेजेस, स्टँडर्ड्स, लिमिट. विक्री किंवा नफा असा कुणाच्या निर्णयानं वाढत नाही, म्हणून ‘रेझ सेल्स’ कानाला खटकतं. तिथे ‘इन्क्रीझ’ किंवा ‘बूस्ट’.

रिझर्व्ह बँकेचं उदाहरण घेऊ. मे 2022 मध्ये तिनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं अल्प मुदतीचं कर्ज देते तो दर, 4 टक्क्यांवरून 4.40 टक्के केला. इंग्रजीत तीन तुकडे: ‘रेझ्ड द रेपो रेट बाय फॉर्टी बेसिस पॉइंट्स, फ्रॉम फोर पर्सेंट, टू फोर पॉइंट फोर झीरो पर्सेंट.’ बाय म्हणजे कितीनं, फ्रॉम म्हणजे कुठून, टू म्हणजे कुठवर. 100 बेसिस पॉइंट म्हणजे एक ‘पर्सेंटेज पॉइंट’. पुढे टप्प्याटप्प्यानं हा दर फेब्रुवारी 2023 मध्ये 6.50 वर गेला. ही वाढ अडीच टक्क्यांची नव्हे, अडीच ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ची. चारचे साडेसहा झाले म्हणजे टक्क्यांत साडेबासष्ट टक्के वाढ. तुमच्या दरपत्रकातही हा घोळ होतो. ‘रेझ्ड बाय टेन’ आणि ‘रेझ्ड टू टेन’ यांत एका शब्दानं धंदा बुडेल.

नववी पायरी: घसरायच्या जागा

‘रेझ अप’ म्हणू नका. वर करण्याचा अर्थ रेझमध्ये आहेच, ‘वर चढवून वर’ होतं.

‘रेझ युअर व्हॉइस’ याच्यापासून सांभाळून. मराठीत आवाज उठवणे ही कौतुकाची गोष्ट आणि आवाज चढवणे ही रागाची. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, आणि ऑफिसात तो बहुतेक वेळा दुसऱ्या अर्थानं येतो. माझ्या एका विद्यार्थिनीनं सेल्फ-अप्रेझलमध्ये अभिमानानं लिहिलं होतं, ‘आय रेझ्ड माय व्हॉइस इन टीम मीटिंग्ज.’ तिला म्हणायचं होतं, मी टीमची बाजू मांडली. वाचणाऱ्याला वाटलं असतं, ही मीटिंगमध्ये ओरडते. आम्ही ते ‘आय स्पोक अप फॉर द टीम’ असं केलं. ‘अगेन्स्ट इनजस्टिस’ असं पुढे जोडलं तर आपला मराठी अर्थ येतो, पण अप्रेझल फॉर्ममध्ये तेवढा अन्याय सहसा नसतो.

‘रेझ आयब्रोज’ म्हणजे भुवया उंचावणे, दोन्ही भाषांत तेच. ‘रेझ द बार’ म्हणजे अपेक्षेची पातळी वर नेणे. हल्ली इतकं घासून गुळगुळीत झालंय की मी तरी वापरत नाही. ‘रेझ अ रेड फ्लॅग’ म्हणजे धोक्याचा इशारा देणे, आणि तो मात्र वेळेवर द्यावा.

दहावी पायरी: जे रेझ केलं, ते मिटतं कशानं?

ही जोडी न शिकल्यामुळे पाठपुराव्याचे ईमेल लुळे पडतात. इन्व्हॉइस पेड, सेटल्ड किंवा क्लिअर्ड होतं. क्वेरी आन्सर्ड किंवा रिझॉल्व्ड. कन्सर्न ॲड्रेस्ड. ऑब्जेक्शन विथड्रॉन, नाहीतर ओव्हररूल्ड. तिकीट आधी रिझॉल्व्ड, मग क्लोज्ड, आणि आयटीनं न विचारता क्लोज केलं तर रीओपन्ड. ‘द कन्सर्न वी रेझ्ड ऑन 12 मे हॅज नॉट येट बीन ॲड्रेस्ड’ या एका वाक्यात तारीख आहे, गोष्ट आहे, अजून काही झालेलं नाही हे आहे, आणि कुणावर बोटही दाखवलेलं नाही.

सरावासाठी स्वतःचे पाठवलेले शेवटचे दहा ईमेल काढा. ‘बिल गिव्हन’, ‘डाउट आस्क्ड’, ‘इश्यू इज देअर’ अशी वाक्यं सापडतील. ती एकेक करून बदला, आणि प्रत्येकात कुणाकडे आणि कशाबद्दल हे आहे का ते बघा. ‘डाउट’ तर काढूनच टाका. आपल्याला त्यातून शंका म्हणायची असते, परदेशी ग्राहकाला अविश्वास ऐकू येतो. तिथे क्वेश्चन.

आणि पगार

रेझ हे नामही आहे. अमेरिकेत पगारवाढीला ‘अ रेझ’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘अ राइझ’, आणि आपल्याकडे ‘हाइक’ किंवा ‘इन्क्रिमेंट’. मराठीच्या कसोटीनं बघितलं तर ब्रिटनमध्ये पगार आपोआप वाढतो आणि अमेरिकेत तो कुणीतरी वाढवतो, पण ही फक्त शब्दांची गंमत. मागावा दोन्हीकडे लागतो.

मागताना ‘आय वाँट अ रेझ’ म्हणू नका. वेळ मागा, कारण द्या, आकडा तयार ठेवा: ‘आय वुड लाइक टू डिस्कस माय सॅलरी. सिन्स लास्ट एप्रिल आय हॅव टेकन ओव्हर द जीएसटी वर्क अ‍ॅज वेल. कुड वी मीट धिस वीक?’ यात रेझ शब्द कुठेही नाही, आणि तो मुद्दामच नाही. तो साहेबांच्या तोंडून आधी येऊ द्या. माझ्या साहेबांनी दोन वर्षांनी तो काढला, ‘‘धिस टाइम, यू आर गेटिंग अ रेझ.’’ त्या वेळी मात्र मी बिल काढायला धावलो नाही.